आईच्या नावाची आमटी

द्वारका, दिल्ली, १४ जुलै २०२५

सुधन्वा,

वर 'चिरंजीव' लिहायचं राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही. फोनवर मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी लिहिल्या की तू खाली एक अंगठा चिकटवतोस. म्हणून हा कागद. स्पीड पोस्टनं पाठवते आहे, म्हणजे निदान सही करून घ्यावा लागेल. नोकरीभर मंत्रालयात दुसऱ्यांच्या सहीसाठी मसुदे लिहिले. आज स्वतःच्या सहीनं भांडते आहे.

शनिवारी लताला घेऊन तुझ्या कॅफेत आले होते. तू नव्हतास, ते तुझं नशीब. लता माझ्या सेक्शनमधली, माझ्या शेजारच्या टेबलावर आयुष्य काढलेली. तिला मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं, चल, माझ्या मुलानं गुरुग्रामला हॉटेल काढलंय, तुला खरी मराठी आमटी खायला घालते. दार ढकललं आणि समोरच्या भिंतीवर मी. जमिनीपासून छतापर्यंत मी. नऊवारी, नथ, कपाळावर आडवं कुंकू, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आईचं ताट'.

लता हसायला लागली ती थांबेचना. म्हणाली, "अहिल्या, तू? तुला तर ऑफिसच्या पिकनिकला काकडी चिरता आली नव्हती."

मग तिनं मेन्यू मोठ्यानं वाचला. आमची आई पहाटे उठून जात्यावर दळायची, ओव्या म्हणायची, चुलीवरच्या भाकरीचा वास घरभर दरवळायचा. सुधन्वा, आर. के. पुरमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरमध्ये मी जातं कुठे ठेवलं होतं? तिथे विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकायची सोय नव्हती, चूल कुठली पेटवते मी. पहाटे उठायचे ते चार्टर्ड बस चुकू नये म्हणून. आणि ओवी मला जन्मात एक आली नाही. सर्व्हिस रूल्स मात्र झोपेतून उठवलंस तरी म्हणून दाखवीन.

तेवढ्यात 'आई स्पेशल आमटी' आली. पहिला भुरका मारला आणि माझा राग दुप्पट झाला. कारण ती हुबेहूब तुझ्या बाबांची होती. तोच काळा मसाला, तीच चिंच, वरून तसंच तूप. असणारच. मी लेकीच्या, संपदाच्या बाळंतपणासाठी हैदराबादला होते, तेव्हा उन्हाळाभर तुझे बाबा दोन मेट्रो बदलून रोज गुरुग्रामला येत होते आणि तुझ्या आचाऱ्यांना हाताला धरून शिकवत होते. संध्याकाळी मला फोन करायचे, आज वांगी जमली, आज थालीपीठ अजून चिवट होतंय. या वयात माणूस इतका खूश होतो हे मला माहीत नव्हतं.

आणि त्या कॅफेत त्यांचं नाव कुठेही नाही. मी भिंती पाहिल्या, मेन्यूची मागची बाजू पाहिली, हात धुवायला गेले तिथलंही पाहिलं. भिंतीवरचा फोटो तुझ्या लग्नातला आहे, हे मला कळत नाही असं समजू नकोस. त्यात तुझे बाबा माझ्या शेजारी उभे होते. तू त्यांना कापलंस. नीट कापलंही नाहीस, माझ्या खांद्यावर त्यांची दोन बोटं राहिली आहेत.

मी हैदराबादहून परतल्यापासून ते स्वयंपाकघरात फिरकलेले नाहीत. गुडघा दुखतो म्हणतात. ते गुडघ्यानं स्वयंपाक करत नाहीत, एवढं मला कळतं. काय झालंय ते मी शोधून काढीनच. तोवर तू माझा फोटो उतरव आणि मेन्यूवर लिही की हे सगळं तुझ्या बाबांच्या, विलास यांच्या हातचं आहे. आईच्या नावाची आमटी विकायला मी परवानगी दिलेली नाही.

तुझी आई, भिंतीवरची नव्हे

&nbsp;

द्वारका, २९ जुलै २०२५

सुधन्वा,

पत्राला मेसेजनं उत्तर देणारा तूच. इंग्रजी अक्षरांत मराठी, ते वाचताना माझे डोळे गेले. "आई यार, तू फार पर्सनली घेतेस. हे ब्रँडिंग आहे. लोकांना आई हवी असते. बाबांची स्टोरी समजावून सांगावी लागते."

मग सांग की समजावून. ओखल्यातली कंपनी बंद पडली तेव्हा तू दुसरीत होतास. ड्राफ्ट्समन होते ते, दुसरीकडे काही लागेना. मला नुकतं प्रमोशन मिळालं होतं, क्वार्टर माझ्या नावावर होतं, संपदा मांडीवरची होती. एक दिवस ते म्हणाले, तू बाहेरचं बघ, मी घरातलं बघतो, जमतंय का पाहू. जमलं. झाली स्टोरी. तुझ्या मेन्यूवर पापडाला याहून जास्त जागा दिलेली आहे.

पुढे तू लिहिलं आहेस, "शाळेत मुलं मला काय म्हणायची ते तुला माहीत नाही. तेरे पापा खाना बनाते हैं, मम्मी कमाती है." माहीत आहे. मला ऑफिसात तेच म्हणायचे, फक्त चहा पीत पीत आणि 'मॅडम' लावून. मी त्यांना सांगायचे, माझा डबा उघडा, खाऊन बघा, मग बोला. अर्धं सेक्शन माझ्या डब्यावर तुटून पडायचं. तू आठ वर्षांचा होतास, तुला लाज वाटली, समजू शकते. आता तू पस्तिशीचा आहेस. तुझे केस पिकायला लागले आणि लाज अजून दुसरीतच बसली आहे.

रविवारी संध्याकाळी आपल्या घरी गॅस बंद असायचा. तो नियम मी काढला होता, कारण स्वयंपाक करणाऱ्यालाही वीकली ऑफ हवा. मग कधी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहाचं कॅन्टीन, कधी मार्केटमधला डोसेवाला. जेवण झालं की तुझे बाबा हात पुसत आत जायचे आणि आचाऱ्याला भेटून यायचे. "भैया, साबूदाना आज एकदम खिला हुआ था." एकही जागा त्यांनी सोडली नाही. ज्याच्या हातचं खाल्लं त्याचं तोंड पाहिल्याशिवाय त्यांना जेवल्यासारखं वाटत नसे. अशा माणसाचा तू मुलगा.

काय झालं ते मला आता कळलं आहे. मयुरानं सांगितलं. बायकोवर चिडू नकोस, तिला मी खोदून खोदून विचारलं. जूनच्या शेवटी ती खाण्यावर लिहिणारी बाई कॅमेरावाल्याला घेऊन आली होती. बाबा स्वतः आमटीचं पातेलं घेऊन बाहेर निघाले होते. तू मध्ये आलास, पातेलं हातातून घेतलंस आणि म्हणालास, "बाबा, तुम्ही जरा आत थांबा." ते थांबले. बाहेर तू त्या बाईला माझ्या जात्याची गोष्ट सांगत होतास आणि ते एक्झॉस्टपाशी उभं राहून ऐकत होते. ती गेल्यावर मागच्या दारानं निघाले आणि घरी आले.

त्यांना विचारलं तर म्हणतात, "एप्रन मळका होता गं माझा. त्याचं बरोबरच होतं."

त्या दिवसापासून आमचा गॅस चहापुरता पेटतो. सोसायटीच्या गेटवरून डाळ-रोटी येते. परवा मी खिचडी टाकली, ती खाली लागली. त्यांनी ती निमूटपणे खाल्ली आणि छान झाली म्हणाले. मला रडू आलं. मीठ कमी असेल तर राष्ट्रपतींच्या तोंडावर सांगेल असा हा माणूस.

तुझ्या धंद्याचं काय व्हायचं ते होवो. मला माझ्या घरचा स्वयंपाक परत हवा आहे, आणि तो तुझ्या एका वाक्यानं गेला आहे, तुझ्याच एका वाक्यानं परत येईल.

आई

&nbsp;

द्वारका, १८ ऑगस्ट २०२५

सुधन्वा,

तोंडी ठरलेलं लेखी कळवायचं, ही माझी ऑफिसची सवय आहे. नंतर कोणी 'असं ठरलंच नव्हतं' म्हणू शकत नाही.

शुक्रवारी तू घरी आलास. कितीतरी महिन्यांनी. पाहुण्यासारखा मिठाईचा डबा घेऊन. मला क्षणभर वाटलं, पत्रं पोचली. डबा उघडायच्या आत कळलं की गणपतीच्या आधीच्या रविवारी तू 'आईसोबत मोदक' असा वर्ग जाहीर केला आहेस, सगळ्या जागा भरल्या आहेत, आणि मी लोकांना उकडीचे मोदक शिकवणार आहे. मी. घरच्या गणपतीला मला साधी दूर्वांची जुडी बांधायला देतात, तीसुद्धा बाबा नंतर सोडून पुन्हा बांधतात.

मी काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही, शेजारच्यांनी ऐकलं आहे. तुझं म्हणणं असं की उकड बाबा आत काढतील, सारण बाबा करतील, मी नऊवारी नेसून नुसतं टेबलाशी बसायचं आणि हसायचं. तू हे सगळं त्यांच्यासमोर मला सांगत होतास, जणू ते तिथे नव्हतेच.

आणि मला संताप आला तो त्यांचा. "अगं, कर ना. छापून झालंय त्याचं. लोक येणार, पोराची फजिती नको." सुधन्वा, सध्या मी तुझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त चिडलेली आहे. तू निदान दुसऱ्याला लपवतोस. ते स्वतःच स्वतःला लपवायला मदत करतात.

पण 'उकड' हा शब्द निघाला तेव्हा ते उठले आणि तांदळाच्या पिठीचा डबा काढून, बोटांत पिठी घेऊन पाहिली. जूनपासून पहिल्यांदा. म्हणून मी हो म्हटलं. दुसरं काही कारण नाही.

अट एकच, आणि ती तू मान्य केलीस. वर्ग संपला की तू बाबांना बाहेर बोलावशील आणि सगळ्यांसमोर सांगशील की हे माझे वडील, इथलं सगळं यांच्या हातचं आहे. तू म्हणालास, "हो आई, बिल्कुल." मयुरा साक्षीला आहे.

नऊवारी मी नेसणार नाही. ऑफिसची कॉटन नेसून येईन.

आई

&nbsp;

द्वारका, २५ ऑगस्ट २०२५

सुधन्वा,

काल काय झालं ते तू पाहिलंस. तरी मी लिहिणार आहे, कारण तू ते लोकांना वेगळंच सांगायला लागला आहेस.

लोक चांगले होते. बंगाली, पंजाबी, दोन तमिळ बहिणी, आपल्याकडच्या एक-दोन सुना. सगळ्यांना खरंच शिकायचं होतं. उकड बाहेर आली ती लोण्यासारखी. सगळ्यांनी वास घेऊन 'वा' केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी गोळा हातात घेतला. पारी जाड झाली, कळ्या पाडताना बूड फाटलं, सारण मनगटावर आलं. दुसऱ्याचं तेच. तू हसून म्हणालास, "आई जानबूझकर दिखा रही हैं कि गलती कैसे होती है." लोकांना ते पटलंही. तुझ्या हुशारीला तोड नाही.

तमिळ बहिणींपैकी धाकटीचा मोदक मिटेना. ती तो तळहातावर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गेली. बाबांनी तो घेतला, ओल्या बोटांनी दोन-चार कळ्या सरळ केल्या आणि परत दिला. ती बघतच राहिली. मग एकामागून एक सगळेच तिकडे जायला लागले. मी टेबलाशी एकटी उरले आणि मला इतकं बरं वाटलं. खिडकीतून नुसते त्यांचे हात दिसत होते. पण मला आवाज येत होता, "ऐसे नहीं बेटा, हल्के हाथ से." तो आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता.

शेवटी मोदक वाफवून झाले, फोटो झाले. तू सगळ्यांचे आभार मानलेस. माझे, मयुराचे, पीठ देणाऱ्या दुकानदाराचे. मी तुझ्याकडे पाहत होते. तू माझ्याकडे पाहत नव्हतास. तेव्हा त्या तमिळ मुलीनं आपणहून विचारलं, "अंदर जो अंकल हैं, उनसे मिल सकते हैं?"

तुला काही करावंच लागणार नव्हतं. वाक्य तिनं निम्मं बोलून दिलं होतं. तू म्हणालास, "वो हमारे कुक हैं, मैम. थोड़े शर्मीले हैं."

बाबा खिडकीत होते. मोदकांची थाळी त्यांच्या हातात होती.

मग मी उठले आणि सांगितलं. ओरडले नाही, ते तूही मान्य करशील. "ये कुक नहीं हैं, इसके पिताजी हैं. यहाँ जो भी आपने खाया है, इन्होंने सिखाया है. मुझे मोदक बनाना नहीं आता." तोपर्यंत बाबा थाळी ठेवून, ओटा पुसून, एप्रन खुंटीला लावून बाहेर आले होते. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तू हे ठरवून केलं आहेस, शेवटची गंमत म्हणून. मोबाइल वर झाले. आणि सुधन्वा, तू, माझ्या पोटचा पोरगा, तेवढ्यात ओळखलंस की हे चालण्यासारखं आहे. तू पुढे झालास, बाबांच्या खांद्यावर हात टाकलास आणि कॅमेऱ्याकडे बघून हसलास.

बाबांनी तुझा हात हलकेच काढला. त्या मुलीला म्हणाले, "आपका मोदक सबसे अच्छा बना." मग आम्ही मेट्रोला गेलो.

 गाडीत मीच बोलत होते, आणि काय बोलत होते ते मला आठवत नाही. समोरच्या बाईनं मला पाणी देऊ केलं.

आई

&nbsp;

द्वारका, ८ सप्टेंबर २०२५

सुधन्वा,

तुझा मेसेज मिळाला. तो व्हिडिओ खूप चालला म्हणतोस. लोक लिहितात, कसला गोड परिवार. तू लिहितोस, "आई, तू म्हणालीस तेच करतोय. भिंतीवर आता दोघांचा फोटो. मेन्यूवर बाबांची पूर्ण स्टोरी. हॅपी?"

नाही. जुलैत मी जे मागितलं होतं तेच तू देतो आहेस, हे मला दिसतं आहे. तेव्हा दिलं असतंस तर ते त्यांचं असतं. आता ते तुझं आहे. तुझ्या तोंडून ते वाक्य माणूस म्हणून निघालं नाही, गिऱ्हाईक टाळ्या वाजवतंय म्हटल्यावर निघालं.

बाबांना मी व्हिडिओ दाखवला. मयुरानं पाठवला होता. त्यांनी एकदा पाहिला, चष्मा काढून ठेवला.  मग म्हणाले, "त्याला लिही, आमटी मी दिलीय, ती खुशाल विक. मला विकू नकोस."

मी जसंच्या तसं लिहिलं आहे. एक शब्द माझा नाही. म्हणून दोघांचा फोटो लावायचा नाही, आणि माझाही उतरवायचा. भिंत रंगवून घे.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. परवा विसर्जनाचं आवरून झाल्यावर ते मार्केटला गेले, वांगी घेऊन आले. मी पेपर वाचत होते, तो तसाच धरून बसले, पान उलटायची भीती वाटली. गॅस पेटला. फोडणीचा आवाज आला. काळ्या मसाल्याचा वास जिन्यापर्यंत गेला असणार, कारण समोरच्या कपूरबाई काहीतरी निमित्त काढून डोकावून गेल्या. मी जेवले, पोटभर, आणि मध्येच डोळे पुसले, ते त्यांनी न पाहिल्यासारखं केलं.

पण तुला एक माहीत नाही. तू गुरुग्रामला राहायला गेल्यापासून ते रोज तुमच्या दोघांपुरता भात जास्त लावायचे. न सांगता आलात तर असावा म्हणून. तुम्ही यायचा नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो फोडणीला घातलेला खायचे. मी कधी त्यांना बोलले नाही. वर्षानुवर्षं मी तुझ्या वाटणीचा भात खाल्ला आहे.

परवा कुकर उघडला तर भात आम्हा दोघांपुरताच होता. काल तसंच. आज तसंच. 

तेव्हा यायचं असेल तर ये, दार बंद नाही. फक्त तांदूळ धुवायच्या आधी कळव.

आई